तगरीवरचे पाहुणे

नवऱ्याची बदली वाराणसीला झाली तेव्हा मी साताऱ्याच्या शाळेतली मराठीची नोकरी सोडली आणि एक थोर कार्य डोक्यात घेऊन गाडीत बसले. तिथल्या मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत, हे मी ऐकून होते. त्यांच्या मराठीत हिंदी फार शिरलंय, हेही ऐकून होते. ती मराठी आता मी वाचवणार होते. मराठीला माझी गरज आहे, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं.

रेल्वेचं क्वार्टर मिळत होतं, पण मी हट्टाने मंगला गौरीजवळच्या एका मराठी घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला लावला. खाली घरमालक एकटेच राहत. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी नागपूरला. आम्ही सामान लावत होतो तेवढ्यात ते जिना चढून वर आले.

"वहिनी, पाण्याची काही तकलीफ नाही. बस, मोटर सकाळी चालवून घ्यायची. आणि बंदर येतात, तर दरवाजा खुला नाही सोडायचा."

"माकडं," मी म्हणाले. "आणि दरवाजा उघडा."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "हां," ते म्हणाले, "उघडा पण नाही सोडायचा."

नवरा गॅसच्या शेगडीआड तोंड लपवून हसत होता. मी मात्र पहिल्याच दिवशी थोडी मराठी वाचवल्याच्या समाधानात होते.

गच्ची आमची आणि गुरुजींची सामाईक. तिच्या कोपऱ्यात सिमेंटच्या मोठ्या कुंडीत त्यांची तगर होती. छातीएवढी उंच, दाट, गर्द हिरव्या चकचकीत पानांची. फुलं दुहेरी पाकळ्यांची, पांढरीशुभ्र, कडांना जराशी चुण्या पडलेली. इकडचे लोक तिला चांदनी म्हणतात. गुरुजींच्या पत्नीने तिची फांदी दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या माहेराहून आणून लावली होती. गुरुजी रोज सकाळी अंघोळ करून वर येत, परडीत फुलं काढत आणि खाली जाऊन पूजेला बसत. बाजारातलं फूल त्यांच्या देवांना माहीतच नव्हतं.

गणपती झाले आणि मुलीने त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला बोलावून घेतलं. दसऱ्यानंतरच येणार होते. निघताना त्यांनी मला मोटर, कुलूप, वीज यातलं काहीच सांगितलं नाही. गच्चीत नेलं आणि तगरीसमोर उभं केलं.

"बाकी घर रामभरोसे. फक्त हिच्याकडे बघा."

"गुरुजी, तळहातावरच्या फोडासारखं जपेन," मी म्हणाले. हा वाक्प्रचार मी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना वाक्यात उपयोग करायला दिलेला. स्वतः मात्र पहिल्यांदाच वापरत होते, आणि तो इतका झोकात बसला की मलाच भरून आलं.

गुरुजींना जाऊन थोडेच दिवस झाले असतील, तगरीची शेंड्याकडची पानं गायब व्हायला लागली. कुरतडलेली नव्हेत, गायब. पानाचा देठ आणि मधली शीर तेवढी शिल्लक. कुंडीखाली काळ्या मिऱ्यांसारखे दाणे पडलेले दिसायचे. शेजारच्या घरातल्या भाभी त्यांच्या गच्चीवर काही ना काही वाळत घालायच्या, त्यांचीच मिरी वाऱ्याने आली असावी, असं मी ठरवून टाकलं. चार चांगले टपोरे दाणे वाया जाऊ नयेत म्हणून उचलून वाटीतही ठेवले होते. ते सारात पडले नाहीत, याचं श्रेय माझं नाही. त्या आठवड्यात सार झालं नाही, एवढंच.

पानं कोण खातंय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माकडं. आमच्या गल्लीत माकडं माणसांपेक्षा जुनी रहिवासी आहेत आणि तसंच वागतात. मी चौकातून नायलॉनची जाळी आणली, काठ्या रोवल्या आणि तगरीभोवती चहूबाजूंनी तंबूसारखी शिवून टाकली. पाणी घालायला तेवढी एक फट ठेवली.

पानं जातच राहिली.

"हात घालून खातात," मी नवऱ्याला सांगितलं.

"जाळीच्या एवढ्याशा भोकातून?"

"पिल्लांचे हात बारीक असतात."

मी जाळीवर दुसरी जाळी चढवली. लाल माकडं काळ्या तोंडाच्या वानराला भितात असं ऐकलं होतं, म्हणून मोबाइलवर वानराचा आवाज शोधून काढला आणि सकाळ-संध्याकाळ गच्चीत उभी राहून तो मोठ्याने लावू लागले. लाल तोंडाची माकडं कठड्यावर रांगेने बसून ऐकायची. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा भीती दिसायची. आता वाटतं, ती कीव असावी.

एके सकाळी फटीतून पाणी घालताना माझा हात फांदीला लागला आणि पानांच्या आतलं एक पान हललं. म्हणजे मला ते पान वाटलं. ते अंगठ्याएवढं जाड होतं, हिरवंगार, आणि त्याने डोकं आत ओढून घेतलं. मान फुगली आणि त्या फुगलेल्या मानेवर दोन निळे डोळे उघडले. गोल, मोठे, काळ्या कडांचे. ते माझ्याकडे रोखून बघत होते.

मी किंचाळले. काय किंचाळले, ते इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. "साप" नाही म्हणाले. "साँप! साँप!" म्हणाले. चंद्रबिंदूसकट.

शेजारच्या भाभी काठी घेऊन कठडा ओलांडूनच आल्या. "का भयल बहनजी?" मी नुसतंच बोट दाखवलं. त्यांनी जाळी वर केली, वाकून नीट पाहिलं आणि हसायला लागल्या.

"अरे, साँप ना हौ. ई त पिल्लू हौ!"

पिल्लू म्हटल्यावर मी कुंडीच्या मागेपुढे बघायला लागले. पिल्लू एवढं, तर आई केवढी असेल! आणि ती या क्षणी कुठे असेल?

"इसकी माँ किधर है?" मी विचारलं.

"माँ?"

"माँ! बड़ी वाली!"

भाभींनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "माँ त उड़ गइल होई."

उडणारा साप! मी बादली तिथेच टाकली आणि जिन्याकडे पळाले. जिन्यातच नवरा भेटला. अर्धी दाढी झालेली, खांद्यावर टॉवेल. त्याच्या मागे गल्लीतले दोन-तीन दूधवाले आणि पूजेचं सामान विकणारे एक गृहस्थ, सगळे साप बघायला. नवऱ्याने वर जाऊन भाभींशी दोन वाक्यं बोलून घेतली आणि परत येऊन, तोंडावरचा फेस पुसत, अतिशय गंभीरपणे मला सांगितलं, "अगं, पिल्लू म्हणजे अळी. इकडे अळीला पिल्लू म्हणतात."

पुढे कितीतरी दिवस भाजीवाल्यापासून पुजाऱ्यांपर्यंत सगळे मला "साँप पकड़ाइल?" असं विचारत राहिले. परप्रांतात भाषा वाचवायला मीच आले होते ना.

त्या दुपारी मी चष्मा लावून तगरीसमोर स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. एक नव्हती, पाच-सहा होत्या. पानाच्या हिरव्या रंगात इतक्या मिसळलेल्या की आत्ता दिसलेली पापणी लवताच हरवायची. अंगाच्या दोन्ही बाजूंनी एकेक पांढरी रेघ, तिच्या आजूबाजूला साखर भुरभुरावी तसे बारीक ठिपके. शेपटीकडे पिवळसर, खाली वाकलेलं एक आखूड शिंग. आणि ते डोळे खरे डोळे नव्हतेच. मानेवर काढलेली नुसती चित्रं होती, भिववण्यापुरती. एरवी कातडीच्या घडीत मिटलेली, धक्का लागला की उघडणारी. खऱ्या डोक्याचा जीव केवढासा, आणि ते खाली मान घालून खात होतं. एक अख्खं पान कडेकडेने, न थांबता, माझ्या देखत संपलं. मग मागून एक काळा दाणा पडला. माझी मिरी.

मी उठले आणि स्वयंपाकघरातली वाटी रिकामी करून, घासून, वर परत घासली.

फोटो पुण्याच्या भाचीला पाठवला. तिला फुलपाखरांचं आणि पतंगांचं वेड आहे. तिचा लगेच फोन आला, आनंदाने ओरडतच.

"मावशी, कसली भाग्यवान आहेस! ओलिएंडर हॉक मॉथ आहे तो. ओलिएंडर म्हणजे कण्हेर. कण्हेर, तगर, सदाफुली, असलीच झाडं खातात ती. या झाडांचा चीक आपल्याला विषारी, पण त्यांना काही होत नाही. मोठा झाला की इतका सुंदर पतंग होतो! मारू नकोस हं."

"अगं, पण ही तगर गुरुजींची आहे."

"पक्षी खातील ना त्यातल्या बऱ्याच. तेवढं निसर्ग बघून घेतो."

नवरा बाजूला बसून ऐकत होता. तो हिशोब खात्यातला माणूस, आकड्यांची आणि कारणांची सांगड त्याच्या अंगवळणी पडलेली. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तू त्यांना दुहेरी जाळीत ठेवलंस."



अळ्या मारणं मला जमेना. एकीला चिमट्यात धरून पाहिलं, तर तिने ते निळे डोळे वटारले आणि मी "सॉरी" म्हणून तिला पानावर परत ठेवलं. तगरही खाऊ देववेना. शेवटी असं ठरवलं की त्यांना दुसरीकडे सोडून यायचं, कण्हेरीवर. राजा घाटाच्या वरच्या अंगाला एका छोट्या देवळाच्या अंगणात गुलाबी कण्हेर पाहिल्याचं मला आठवत होतं. मग काय, स्टीलच्या उभ्या डब्यात तगरीची पानं घातली, त्यात अळ्या, तोंडाला हवा खेळती राहावी म्हणून पांढरं मलमल बांधलं आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाले.

गंगेचं पाणी नुकतंच उतरलं होतं. घाटांवर अजून गाळ, म्हणून गल्ल्यांतून चालले होते. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटापाशी लाकडांच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढताना एक नावाडी अदबीने पुढे आला. माझ्या हातातल्या डब्याकडे, वरच्या पांढऱ्या फडक्याकडे पाहून त्याने हात जोडले.

"माताजी, विसर्जन करना है? नाव लगा दें?"

"नहीं नहीं," मी घाईने म्हणाले, "अंदर सब ज़िंदा हैं."

तो दोन पावलं मागे सरला. पुढची पूर्ण गल्ली त्याची नजर मला पाठीवर जाणवत होती.

देवळातल्या पुजाऱ्यांना मी हात जोडून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मलमल उचलून आत डोकावले आणि म्हणाले, "लोग भगवान को फूल चढ़ाते हैं. आप कीड़ा चढ़ाने आई हैं?" त्यांचंही बरोबर होतं. ती कण्हेर त्यांच्या देवाची. मी कोणाच्या तरी पूजेची फुलं वाचवायला दुसऱ्याच्या पूजेची फुलं द्यायला निघाले होते. त्यांना माझी दया आली असावी. कण्हेरीचा एक मोठा डहाळा तोडून त्यांनी माझ्या हातात दिला. "घर ले जाइए, घर में खिलाइए."

घरी आणून कण्हेर वाढली. कोणीही तोंड लावलं नाही. तगरीच्या चवीला सोकावलेल्या त्या अळ्या कण्हेरीच्या पानांवरून नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मोठ्या झाल्या की कधीकधी बदल चालत नाही त्यांना." सासरी आल्यावर माझंही पोहे-उप्पीट यावरून असंच झालं होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. सगळ्या परत तगरीवर.

मग माझं जे चाललं, त्याला नवऱ्याने पुढे "धोरण" असं नाव दिलं. सकाळी झाडाचा कळवळा यायचा, मी जाळी काढायचे. बुलबुल यायचे. त्यांच्या चोचीत हिरवं काहीतरी वळवळताना दिसलं की मी धावत जाऊन जाळी परत घालायचे. या धोरणाने झाडही वाचलं नाही आणि अळ्याही. दसऱ्यापर्यंत तगरीच्या नुसत्या काड्या राहिल्या. टोकाला चार-दोन पानं, आणि त्यांवर शेवटची एक अळी.

नागपूरला फोन व्हायचे. ऑपरेशन चांगलं झालं होतं. मुलगी म्हणायची, बाबांना कसलाही त्रास नको. मी त्याचा फायदा घेतला. झाडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही विचारला नाही. विश्वासच तेवढा होता.

गुरुजी काळा चष्मा लावून परत आले. स्टेशनवर नवरा घ्यायला गेला होता. वाटेत त्याने सांगायचं असं आमचं ठरलं होतं, आणि वाटेत त्याने हवामानाबद्दल बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून जिन्यातली त्यांची पावलं ऐकली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, म्हणून वर गेले.

ते परडी हातात घेऊन तगरीसमोर उभे होते. चष्मा कपाळावर सरकवलेला.

"मोतीबिंदू काढून आलो," ते म्हणाले, "ते हे बघायला?"

मी जाळीपासून सुरुवात केली. माकडं, साप, पिल्लू, कण्हेर, सगळं भराभर सांगू लागले. त्यांनी अर्ध्यावर हात वर केला आणि खाली निघून गेले. थोड्या वेळाने गल्लीतून बाहेर जाताना दिसले. परत आले ते पानाच्या द्रोणात बाजारातली फुलं घेऊन.

त्यानंतर ते आमच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आवाज नाही. जिन्यात समोर आले तर बाजूला होऊन वाट द्यायचे, इतकंच. मी रोज मनाशी माफीचं भाषण रचायचे. त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असायचा, एक सुभाषितसुद्धा असायचं. "नुसतं 'चुकलं' म्हण ना," नवरा म्हणायचा. पण नुसतं "चुकलं" म्हणायला जी हिंमत लागते, ती सुभाषितं पाठ करून येत नाही. मी खालच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

अशातच एका दुपारी गच्चीत पाहिलं तर शेवटच्या अळीचा रंग गेलेला. हिरवीची ती तपकिरी, पाठीवर काळपट झाली होती. खात नव्हती. पानं सोडून खोडावरून खाली उतरली होती आणि कुंडीच्या कडेने गोल गोल फिरत होती. उपासमार, मी म्हटलं. आता हिच्यासाठी पान उरलं नाही म्हणून ही जातेय. झाडही गेलं, गुरुजीही गेले आणि ही तर माझ्या डोळ्यांदेखत जीव सोडतेय. मी तिला तळहातावर घेतलं आणि काहीही न ठरवता थेट खाली गेले.

गुरुजी पाटावर बसून पोथी वाचत होते. मी हात पुढे केला. भाषण एकही आठवलं नाही.

"गुरुजी, माझं चुकलं. आणि ही पण मरतेय."

एवढं बोलून मी चक्क रडायला लागले. पन्नाशीची बाई, हातावर अळी घेऊन.

गुरुजींनी पोथी मिटली. चष्मा नीट केला, वाकून पाहिलं. मग उठले, देवघरातून गंगाजलाची छोटी गडवी आणि तुळशीचं पान घेऊन आले आणि पाटाजवळ बोट टेकून म्हणाले, "इथे ठेवा."

मी तिला जमिनीवर ठेवलं. त्यांनी काही पुटपुटत तुळशीच्या पानावरून एक थेंब तिच्या तोंडाशी सोडला.

थेंब अंगावर पडताच अळीने मान फुगवली, दोन्ही डोळे वटारले आणि सरळ चालायला लागली. पाटावर चढली, पाटावरून उतरली, पोथीच्या कडेने गेली आणि तरातरा दाराकडे निघाली. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"वहिनी," गुरुजी म्हणाले, "जिंदगी भर मी मणिकर्णिकेवर माणसं पोचवली. मरणाऱ्याची चाल मला पहचानता येते. ही मरायला नाही चालली. हिला कुठेतरी जायचंय. अर्जंट."

मला हसू फुटलं आणि ते रडण्यातच मिसळलं. गुरुजीही हसले. मग अळी उंबरा ओलांडण्याआधी तिला पकडायला आम्ही दोघं मिळून धावलो.

भाचीने फोनवर उलगडा केला. अळीचं खाणं संपलं होतं. कोश करायच्या आधी ती असाच रंग बदलते आणि पाचोळ्यात जागा शोधत फिरते. गुरुजींनी स्वतः माळ्यावरून एक जुनी वेताची टोपली काढली. तिच्यात माती, वर वाळकी पानं. टोपली गच्चीतल्या जिन्याच्या छपराखाली ठेवली, जिथे त्यांचं पूजेचं रेशमी सोवळं वेगळ्या काठीवर वाळत असे. अळी पानांखाली शिरली ती दिसेनाशीच झाली. काही दिवसांनी गुरुजींनी एक पान अलगद उचललं. खाली बोटाच्या दोन पेरांएवढा लांबट कोश होता, फिकट तपकिरी, मधोमध एक बारीक काळी रेघ.

आता गुरुजी रोज वर येऊ लागले. परडी नसायची, नुसतेच यायचे. तगरीला पाणी घालायचे, टोपलीत डोकवायचे, मग कठड्यापाशी माझ्याशी बोलत बसायचे. पत्नीने तगर लावली तेव्हाची हकिगत त्यांनी तिथेच सांगितली. "मी बोललो होतो, गच्चीत कुंडीत चांदनी लागत नाही. एकदा बंदरांनी मुळासकट उपटली. एकदा जेठच्या उन्हात पूर्ण सुखली. तिने दर वेळी परत लावली. आणि दर वेळी मला बोलायची, तुम्ही फक्त तोडायला या, लावायला मी आहे." त्यांनी तगरीकडे पाहिलं. "मी खरंच कधी पाणी नाही घातलं हिला. आत्ताच घालतोय." मी "सुखली"च्या जागी "सुकली" म्हणाले नाही. माझ्या लक्षातसुद्धा आलं ते बऱ्याच वेळाने.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्यांची हाक आली. "वहिनी! या! लवकर!"

सोवळ्यावर, मांडीच्या जागी पडलेल्या घडीला धरून, तो बसला होता. टोपलीतला कोश फुटलेला, बाजूला रिकामं साल. रात्रीत कधीतरी बाहेर पडून तो रेशमावरून वर चढला असणार. पंख पसरलेले, माझ्या तळव्याएवढे. आणि किती हिरवे! गर्द, फिके, शेवाळी, एकात एक वळत गेलेले, जसा ओल्या दगडावर शेवाळ्याचा थर असावा. मधून पांढरट पट्टे, आणि मधोमध गुलाबी रंगाचा एक हात, इतका हलका की आहे की नाही असं वाटावं. पंख जिथे अंगाला जोडलेले, तिथे एकेक छोटा डोळा. नवरा मागून म्हणाला, "मिलिटरीच्या जीपचा रंग." मी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण खरं सांगायचं तर तेही अगदी चुकीचं नव्हतं.

गुरुजींनी काळा चष्मा काढला होता. "हा हिरवा," ते म्हणाले, "कितने साल झाले असतील, मी असा पाहिला नव्हता. मला वाटायचं, दुनियाच पिवळी पडली."

मग प्रश्न आला पूजेचा. पतंग सोवळ्यावरून हलायला तयार नव्हता. मी विचारलं, "गुरुजी, याने सोवळं मोडलं का?"

त्यांनी विचार केला. "रेशीम कुणी दिलं, वहिनी? यांच्याच खानदानातल्या कुणीतरी. मालकाचा हात लागला तर मोडतं का?" आणि त्या दिवशी ते धूतवस्त्र नेसून पूजेला बसले.

पतंग दिवसभर तसाच बसून राहिला. दिवे लागायच्या वेळी त्याचे पंख थरथरायला लागले, जसं एखादं इंजिन गरम होतंय. मग तो उठला, आमच्या डोक्यांवरून एक गिरकी घेतली आणि थेट भाभींच्या गच्चीवरच्या मधुमालतीपाशी गेला. फुलांसमोर हवेत एका जागी उभा राहून, लांब सोंड आत घालून, एकेक फूल प्यायला. भाभी कपडे गोळा करत होत्या. "बहनजी, ई कउन चिरई हौ?" पक्षी समजून त्या ओरडल्या. मी कठड्यावरून वाकून सांगितलं, "पिल्लू हौ!" त्यांनी हातातले कपडे तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना आता माझी सवय झाली आहे.

हिवाळा सरला आणि तगरीच्या काड्यांना पालवी फुटली. चैत्रात फुलं आली, पूर्वीपेक्षा दाट. पाहुण्यांसाठी म्हणून मी गच्चीत सदाफुलीच्या चार कुंड्या वेगळ्या लावल्या. भाद्रपदात पतंगीण आली, सदाफुलीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही आणि तगरीच्या कोवळ्या पानांवर हिरवी, मोत्याएवढीही नाहीत अशी अंडी ठेवून गेली. या वेळी मी जाळी आणली नाही. बुलबुलांनी त्यांचा वाटा घेतला, तगर अर्धी खाल्ली गेली, अर्धी राहिली.

परवा सकाळी मी जिन्यात होते. गुरुजी फुलं काढत होते. एका फांदीशी त्यांचा हात थांबला, त्यांनी वाकून पाहिलं आणि त्या फांदीवरची फुलं तशीच सोडून पलीकडची काढली.

"खाऊ दे," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "देवाला आज कमी चालतील."